पुंडलिकनगरला हाका मारणारा ढोल

माझ्या नातीचा माझ्यावर काडीचाही विश्वास नाही. परवा तिनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा बर्फाळ देशातलं भलंमोठं सभागृह, गोऱ्या लोकांनी खच्चून भरलेलं, आणि मंचावर पिकल्या दाढीचा, निळ्या झग्यातला, ताडासारखा उंच काळा माणूस काखेत ढोल दाबून असा वाजवतोय, की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं हातातल्या काठ्या टाकून उठलीत. मी म्हणालो, "ह्या माणसाला मी माझ्या हातानं येसराची आमटी वाढलीय." ती म्हणाली, "आजोबा, फेकू नका." आता काय बोलावं? मी आयुष्यभर थोडंफार वाढवून सांगत आलो, हे कबूल. कुणी चिमूटभर मीठ मागितलं तर मी बरणी पुढं केली. पण हे प्रकरण असं आहे की त्यात माझं काही घालायला जागाच सापडत नाही. म्हणून लिहूनच काढतो. नातीनं वाचावं आणि पटलं नाही तर त्या म्हाताऱ्याला फोन लावून विचारावं. मात्र जरा जपून. सांगण्याच्या बाबतीत तोही माझ्याच शाळेतला आहे.

आमचं घर पुंडलिकनगरात. तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं, खड्डे हेच होते. नगर म्हणायला नगर. चार प्लॉट रिकामे आणि पाचव्यावर घर असा कारभार. मधे काळी माती, बाभळी, आणि पावसाळ्यात एवढा चिखल की पोस्टमनची सायकल एकदा रुतली ती थेट दिवाळीला निघाली. खाली दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर पत्र्याची एक खोली. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि पायात रबरी चपला. रबरी अशासाठी की आमच्या घरात कातडं चालत नसे. पट्टा कापडी, पाकीट रेक्झिनचं. मी क्रिकेटचा चेंडू आणला तर तो बिचारा उंबऱ्याबाहेर झोपायचा. कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नसे. पिशोरला माझे आजोबा, म्हणजे बाबांचे आप्पा, गावाची हलगी वाजवायचे. लग्न असो, मयत असो, पालखी असो, सगळ्यांच्या पुढं हलगी; आणि जेवायला सगळ्यांच्या मागं, गोठ्यापाशी आप्पा. धर्मांतर झालं त्या साली आप्पांनी हलगी स्वतःच्या हातानं चुलीत घातली आणि आजीला म्हणाले, "भाज आता भाकरी." बाबांनी ती भाकरी खाल्लेली. तेव्हापासून आमच्या घराण्यात ठोका बंद. आणि अशा घरात जन्माला आलं कोण, तर मी! पातेलं, परात, शाळेचा बाक, एकदा तर दुपारी घोरत पडलेल्या मामाचं पोट. हाताखाली येईल ते मी बडवत सुटायचो. बाबा ओरडत नसत. पेपर थोडा खाली करून नुसते बघत. त्या बघण्यानं चुलीवरची भांडीसुद्धा थंड व्हायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो आला. नायजेरियाचा, इबादान शहराचा, योरुबा लोकांतला. औषधनिर्माणशास्त्र शिकायला आलेला. शहरात खोल्या रग्गड होत्या, पण ह्याला दारात पाहिलं की सगळ्यांच्या खोल्यांत एकदम पाहुणे उतरायचे. आमच्या दारात आला तेव्हा मोडक्या हिंदीत आपली कहाणी सांगू लागला, तसे बाबा म्हणाले, "खोली का मिळत नाही ते मला सांगू नको. मला माहीत आहे. सामान आण." तो सामान घेऊन आला. एक पेटी, आणि कापडात बांधलेलं, डमरूच्या थोरल्या भावासारखं काहीतरी. कापड सुटलं आणि बाबांचा चेहरा बदलला. दोन्ही तोंडांना कातडं, कमरेभोवती चामड्याच्या वाद्याच वाद्या, कडेला बारकी घुंगरं आणि वाजवायला चोचीसारखी वाकडी काठी. त्याचं नाव त्यानं सांगितलं, दुंदुन. शब्द देऊन झाला होता आणि बाबा शब्द फिरवणाऱ्यांतले नव्हते. एवढंच म्हणाले, "हे वर राहील. जिना उतरून घरात येणार नाही."

नाव विचारलं तर म्हणाला, "आयानवाले." माझी माय पदर तोंडाला लावून हसली. "अगं बाई! भाजीवाले ऐकले, दूधवाले ऐकले. हे आयानवाले काय विकतात?" मग त्यानं समजावलं. आयान हा त्यांच्यातला पहिला ढोलवाला, ढोलातला देवच म्हणा ना. वाजवणाऱ्यांच्या घरात पोर जन्मलं की त्याच्या नावात आयान यायचाच. ह्याच्या नावाचा अर्थ, आयान घरी आला. बाबा पेपराआडून म्हणाले, "म्हणजे नाव सांगितलं की लोकांना कळतं, हा वाजवणाऱ्याचा आहे?" तो म्हणाला, "हां." "आणि तू सांगतोस?" "पूछा तो बोलेगा ना, बाबा." पेपर हलला नाही, पण त्या दिवशी बाबांनी एकच पान खूप वेळ वाचलं.

मराठी तो माझ्या मायकडून शिकला, त्यामुळं पहिले काही महिने "मी कॉलेजला जाऊन येते" म्हणायचा आणि अख्खा चौक खूश व्हायचा. मायला त्याच्या खाण्याचं भारी कौतुक. पहिल्या दिवशी तिनं दया येऊन ठेचा ताटाच्या कडेला नखभर ठेवला. त्यानं चाटला, विचारात पडला आणि म्हणाला, "माय, ह्यात मिरची कधी घालणार?" त्या वाक्यानं त्यानं माझ्या मायला जिंकलं. तिनं खलबत्ता काढला आणि असा ठेचा कुटला की शेजारची मांजर घर सोडून गेली. तो खातच राहिला. भाकरी मात्र चावायचा नाही. आमटीत काला करून गोळा करायचा आणि गिळायचा; त्यांच्याकडं पिठाचा गोळा असाच खातात म्हणे, चावणारा गावंढळ. माय बघायची आणि हात जोडायची. "अरे चाव की लेकरा! अडकंल घशात!" "नाय अडकत, माय. रस्ता मोठा हाय."

आता त्याच्या वाजवण्याचं सांगतो, आणि शपथेवर सांगतो. योरुबा भाषा सुरांवर चालते. शब्द तोच, पण सूर वर चढला की अर्थ वेगळा, खाली उतरला की वेगळा. त्यामुळं काखेतल्या वाद्या आवळून-सोडून त्यांचा ढोल सरळ बोलतो. राजाला पहाटे उठवतो, आलेल्या पाहुण्याची सात पिढ्यांची स्तुती करतो, चुगल्यासुद्धा करतो. मी म्हणालो, "मराठी काय अशी गाणारी भाषा नाही रे, तुझा ढोल इथं मुकाच." तो आठ-पंधरा दिवस गच्चीच्या कठड्याला टेकून नुसता ऐकत बसला. आणि एका संध्याकाळी वाजवायला लागला. त्याच्या ध्यानात आलं होतं की मराठी एरवी बोलत असली तरी माणसाला हाक मारताना गाते. समोरच्या घरातली नानी आपल्या नातवाला "गोट्याऽऽ" म्हणायची ते खालून वर जाऊन मधेच तुटायचं. तेच, अगदी तिच्या दम्यासकट, ढोलातून आलं. पुंडलिकनगरात गोट्या चार होते. चौघंही नानीच्या दारात जेवायला हजर. त्यानंतर त्यानं एकेकाची हाक उचलली. सुना सासूची हाक ऐकून भाजी करपत ठेवून बाहेर यायच्या. दूधवाल्याची म्हैस मालकाची हाक समजून आमच्या जिन्याच्या तीन पायऱ्या चढली होती. नात हसली तरी हसू दे. तिसऱ्या पायरीचा टवका अजून उडालेला आहे.

मायनं तर त्याला कामालाच लावलं. मी मैदानावर असलो की ती खालून म्हणायची, "आयान, रव्याला बोलाव रे, ताट वाढलंय." आणि माझी हाक, मायच्याच आवाजातली, बाभळी ओलांडून मैदानावर यायची. मी खेळ टाकून पळत सुटायचो. घरात शिरावं तर बाबांचा घास हातातच थांबलेला असायचा. तेव्हा मला वाटे, आवाजाचा राग येतोय.

असं करत त्याचं शेवटचं वर्ष आलं. त्याचे वडील स्वतः नावाजलेले वाजवणारे, पण त्यांचीच इच्छा की पोरानं ढोल सोडावा. इबादानला काकाचं औषधांचं दुकान होतं, तिथला काउंटर त्याची वाट बघत होता. आणि नेमकी तेव्हा वेगवेगळ्या देशांतल्या वाद्यवाल्यांची एक फिरती मंडळी आपल्या शहरात येणार होती. त्यांचा दुंदुनवाला आजारी पडून घरी गेलेला. कॉलेजात दुंदुन वाजवणारा आहे असं ऐकून मंडळींच्या म्होरक्यानं ह्याला निरोप दिला, रविवारी आमच्या कार्यक्रमात सुरुवातीला वाज, ऐकतो, जमलं तर सोबत घेतो. आयाननं वडिलांना कळवलं. उत्तर आलं, आपलं नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांनी तुला उचललं तर मी काउंटरचा शब्द काढणार नाही. नाहीतर मुकाट्यानं पांढरा कोट घालायचा. म्हणजे एका बाजूला सारं जग आणि दुसऱ्या बाजूला खोकल्याच्या बाटल्या. तो जेवताना गिळायलाही विसरू लागला.

चैत्राचं ऊन होतं. आमच्याकडं त्या दिवसांत जे काही घरात आहे ते गच्चीवर जातं: कुरडया, सांडगे, मिरच्या, गाद्या. बुधवारी सकाळी माय चिकाचं पातेलं घेऊन वर गेली. आयान कॉलेजला गेलेला. कुरडया घालून झाल्या आणि तिला खोलीत खुंटीवरचा ढोल दिसला. हात लावला तर गार आणि ओलसर. तो कातड्याला तेल चोळायचा ते तिला काय माहीत! 'लेकराचा ढोल सर्दला, रविवारी वाजायचा कसा,' म्हणून तिनं तो मोठ्या मायेनं उचलला आणि लाल मिरच्या आणि कुरडया यांच्या मधोमध, भर उन्हात ठेवला. दुपारी असा आवाज झाला की नानी पलंगाखाली गेली. ढोलाच्या एका तोंडाला भाकरीएवढं भगदाड.

आयान आला. त्यानं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. त्यानं ढोल मांडीवर घेतला आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत बसला. माय रडकुंडीला आली. "लेकरा, शिव्या दे मला, पर असा गप नको बसू." तो म्हणाला, "तुझी चूक नाय माय. तुमचं ऊन लई खरं हाय." मग मला हळूच म्हणाला, "रव्या, मी वाजवणारा. कातडं चढवायचं काम आमच्यात चुलतभावाचं. मी नुसतं बघितलंय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही सिल्लोडला. तिथं करीमचाचांचा कातड्यांचा व्यापार. त्यांनी फुटका ढोल उलटसुलट केला. "ये क्या करताय?" मी म्हणालो, "चाचा, हा बोलतो." "बातां करताय? तो इसकू पतली चमड़ी होना, मियाँ. मोटी चमड़ी के बातां नै करते, खाली चिल्लाते." त्यांनी ढिगातून बकरीच्या पिलाचं एक कातडं असं काढलं की त्यातून पलीकडचा माणूस दिसावा. "ले जाव. बजाके दिखाने कू आना, बस." परतीच्या एसटीत त्या पुडक्याला असा वास सुटला की पुढच्याच थांब्यावर निम्मी गाडी उतरली आणि आम्हाला ऐसपैस खिडकी मिळाली.

कातडं घरात चालत नाही, गच्चीवर ऊन. राहिली जिन्याखालची सावलीची जागा. रात्रभर ते बादलीत भिजलं आणि शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं त्याच्याशी झुंजायला बसलो. बाबांना कसलीशी सुट्टी होती. ते ओसरीवर खुर्ची टाकून, आमच्याकडं पाठ करून पेपर वाचत होते. आयान ब्लेडनं केस खरवडत होता, मी दुसऱ्या टोकानं ओढत होतो.

"फाटेल," पेपर म्हणाला.

आम्ही थांबलो. मग पुन्हा ओढायला लागलो.

"आधी राख चोळा. केस निघायच्या आत ताणतं का कुणी?"

मायनं न बोलता चुलीतली राख आणून ठेवली. आम्ही राख चोळली. बहुतेक तीही चुकीची चोळली असावी. कारण पेपराची घडी झाली. बाबा उठले, इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर आमच्यासमोर उकिडवे बसले. "सरका," म्हणाले. मी माझ्या बाबांचे हात जन्मापासून बघत होतो. ते फायलीवर सही करणारे हात होते. ते कातड्यावर पडले आणि मला ओळखूच येईनात. अंगठ्यानं कातडं दाबत, कान जवळ नेत, कुठं जाड, कुठं पातळ, असं ते त्याच्याशी जणू विचारपूस करत होते. कड्याभोवती कातडं दुमडलं, वाद्या ओवल्या, एक इकडं आवळली की समोरची तिकडं आवळली. माय दारात चहा घेऊन उभी होती. चहावर साय धरली तरी ती हलली नाही.

मान खाली घालूनच बाबा बोलले. "परवा ती हे उन्हात ठेवत होती, तेव्हा मी जिन्यात होतो. दिसलं मला. फुटणार, हे कळत होतं. पण थांब म्हणायचं तर मला कसं कळतं, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून हापिसात निघून गेलो."

आयाननं पुढची वादी त्यांच्या हाती दिली. मग म्हणाला, "माझा बाप बी म्हणतो, सोड. लग्नात लोक आमच्या ढोलावर नाचतात, आन मागं भिकारी म्हणतात."

"आमच्या इथं तोंडावर म्हणायचे," बाबा म्हणाले.

"पर बाबा, हलगीनं काय केलं होतं?"

बाबांचा हात वादीवर थांबला. "तिनं?" म्हणाले, "तिनं काही केलं नव्हतं. ती आम्हाला घरी बोलवायची. आम्ही पोरं कुठं रानात, नदीला. आप्पा संध्याकाळी दारात उभं राहून वाजवायचे. दर पोराचा ठोका वेगळा. आपला वाजला की ओरडून ओ द्यायची आणि पळत सुटायचं. हलगी जळाली, मग अंधार पडला की आपलं आपण यायचं."

मला तेव्हा त्या थांबलेल्या घासाचा अर्थ लागला.

ढोल दोन दिवस सावलीत वाळला. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाबांनी तो स्वतः उचलला आणि जिना चढून नव्हे, उंबरा ओलांडून घरात आणला. मांडीवर घेतला, टिचकी मारली, कान लावला, मान डोलावली. आणि मग त्यांच्या बोटांनी आपसूक, ते स्वतः कुठं दुसरीकडंच असल्यासारखं, काहीतरी वाजवलं. दोन लहान, एक लांब, थोडं थांबून पुन्हा एक. आयाननं विचारलं, "हे काय, बाबा?" बाबा दचकले. "काही नाही. जेवायला ये, असं आहे ते." आणि ढोल त्याच्या हातात दिला.

पुढं त्याचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नातीची झोप उडायला नको. मंडळींनी त्याला घेतलं. तो त्यांच्याबरोबर एवढे देश फिरला की पासपोर्टाला पानं पुरेनात, शिवून जोडली म्हणे. पुढं स्वतःची मंडळी काढली, परदेशी विद्यापीठात शिकवलं, आणि म्हातारपणी इबादानला परतून तिथल्या साऱ्या ढोलवाल्यांचा वडीलधारा झाला. प्रत्येक देशात गेला की आधी बाजारात जाऊन कान देऊन बसतो; तिथले लोक एकमेकांना हाक कशी मारतात ते ऐकतो, आणि रात्री मंचावर पहिल्यांदा तेच वाजवतो. म्हणून त्या व्हिडिओतली म्हातारी माणसं उठतात. मोठमोठे जाणकार ह्यावर जाड पुस्तकं लिहितात. ही विद्या त्यानं पुंडलिकनगरच्या कठड्याला टेकून कमावली हे त्यांना कोण सांगणार? कातडी त्यानं नंतर पुष्कळ बदलली असतील. बाबांनी चढवलेलं मात्र त्याच्या घरात भिंतीवर आहे. मी फोनवर पाहिलंय. मी स्वतः नंतर हलगी शिकलो, बऱ्यापैकी वाजवतो. बऱ्यापैकी म्हणजे, सोडा, नातीला विचारा.

तर तो रविवार. उघडं नाट्यगृह, दगडी पायऱ्या अजून दुपारच्या उन्हानं तापलेल्या, पायरीगणिक माणसं. माय नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. मंडळींचा म्होरक्या, चष्मेवाला गोरा, वही-पेन घेऊन कडेला. बाबा येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले; इस्त्रीचा शर्ट, रबरी चपला. सगळ्यात मागं, दाराजवळ बसले, केव्हाही उठून जाता यावं असे. मी त्यांच्या शेजारी.

आयान मंचावर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता गडगडाट होणार म्हणून पुढं सरसावून बसले. आयानच्या लोकांत रीत अशी की वाजवायच्या आधी ज्यानं ढोल घडवला त्याला ढोलानंच नमस्कार करायचा. आयाननं ढोल काखेत घेतला, डोळे मिटले, वाद्या हलकेच आवळल्या आणि अगदी हळू वाजवलं. दोन लहान, एक लांब. थोडं थांबून पुन्हा एक.

नुसता ठोका नव्हता तो. त्यात संध्याकाळ होती, दारात उभा राहिलेला माणूस होता. आप्पांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं तेही बाबांच्या बोटांतून, तेवढंच. तरी पुन्हा वाजलं तेव्हा माझ्या शेजारी काहीतरी हललं. बघतो तर बाबा उभे. पाटबंधारे खात्यातले कारकून, चारचौघांत कधी आवाज न चढवलेले, दोन्ही हात तोंडाशी धरून, साऱ्या नाट्यगृहावरून, पोरसवदा आवाजात ओरडले,

"आलोऽऽ, आप्पाऽऽ!"

सगळी डोकी मागं वळली. माय वळली. म्होरक्या वळला, त्यानं एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा ढोलाकडं, आणि पेन बंद करून खिशात ठेवलं. मंचावर आयान तोंडभर हसत, गालांवरून पाणी वाहत, तसाच उभा होता.

पुढच्या पायरीवरच्या एका सभ्य गृहस्थानं मान वळवून हळूच सांगितलं, "बसा हो काका, अजून सुरू व्हायचंय."

बाबा बसले नाहीत.